खिळा पडला की

खिळा पडला की रोटर चुलाणातून वर काढायचा, ही युक्ती भूपाल मगदूमने शोधून काढली होती आणि तिच्याबद्दल त्याचा सत्कार झाला होता. शाल, नारळ आणि काचेत बसवलेलं मानपत्र. मानपत्रावर त्याच्या नावापुढे 'ग्रामसंशोधक' असं छापलं होतं. सुमतीने, त्याच्या बायकोने, ते सोप्यात दारासमोर लावलं होतं, म्हणजे येणाऱ्याला पहिलं तेच दिसावं. ती माघात गेली. दिवस झाले, पाहुणे पांगले, तेव्हा भूपालने मानपत्र खाली काढलं, तोंड भिंतीकडे करून कोपऱ्यात उभं केलं आणि त्याच्यावर रिकामी पोती टाकली.

आता वैशाख चालू होता. रविवारी सकाळी त्याची मुलगी प्रणोती आली ती तेच मानपत्र शोधत.

"आप्पा, कुठं ठेवलंय ते? मंगळवारी लागणार आहे."

"कशाला?"

"पुण्याहून पडताळणीच्या मॅडम येणार आहेत. देशमाने सर म्हणाले, आधी आपल्या गुऱ्हाळावर आणू त्यांना. तुम्ही खिळा पद्धत करून दाखवायची. दहा मिनिटांचं काम."

"तुझ्या आईला जाऊन तीन महिने झालेत."

"मला माहीत आहे, आप्पा."

"देशमान्याला माहीत हाय का?"

देशमाने तिचा साहेब. चक्रधातू नावाच्या कंपनीत ती पर्यावरण विभागात होती आणि कंपनीच्या कामाने निसर्गाचं किती भलं-बुरं होतं याचा अहवाल तीच लिहायची. मंगळवारच्या पडताळणीत तो अहवाल खरा ठरला की कंपनीला 'हरित चुंबक'चा दाखला मिळणार होता. मग माल परदेशात जाणार होता.

हे सगळं ज्या चुलाणातून निघालं, ते भूपालचंच होतं.

दूधगंगेकाठच्या चिखलगे गावात चौदा गुऱ्हाळं. दिवाळीनंतर ऊस तुटायला लागला की चैत्रापर्यंत काहिलींत रस उकळायचा. भूपाल गुळव्या होता. पाक कधी झाला ते सांगणं हे गुळव्याचं काम. तो पाण्यात थेंब टाकतो, बोटांत गोळी वळून बघतो आणि म्हणतो, उतरवा. जरा उशीर झाला तर गूळ करपतो, जरा लवकर उतरला तर बसत नाही. भूपालने आयुष्यात कधी तापमापक हातात धरला नव्हता. हंगाम संपला की काहिली उलट्या घालून ठेवायच्या आणि त्यांच्याखालची चुलाणं, जमिनीत खणलेल्या त्या मोठ्या भट्ट्या, पुढच्या दिवाळीपर्यंत थंड राहायच्या.

२०३३ साली त्या थंड चुलाणांवर चक्रधातूची नजर पडली. दहा-बारा वर्षांपूर्वी रस्त्यावर आलेल्या लाखो विजेच्या स्कूटर तेव्हा भंगारात निघत होत्या. प्रत्येकीच्या मोटरमध्ये एक फिरणारा लोखंडी गाभा असतो, त्याला रोटर म्हणतात. त्यात राळेने चिकटवलेले लोहचुंबक असतात. हे साधे चुंबक नव्हेत. त्यांच्यात लोखंडाबरोबर निओडिमियम नावाचा धातू असतो. तो खाणीतून काढायचा म्हणजे डोंगर फोडायचे, आम्लाची तळी भरायची आणि मागे राहिलेला विषारी गाळ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत बसायचं. म्हणून जुन्या चुंबकातून तो परत मिळवणं चांगलं, असं सगळे म्हणत. त्यात खोटं काहीच नव्हतं.

अडचण एवढीच की चुंबक रोटर सोडत नाहीत. ओढून काढायला जावं तर बोटं चेचतात. मात्र तीनशे अंशांच्या थोडं वर तापवले की त्यांची ओढ मरते, राळ जळते आणि हातोडीच्या एका ठोक्यात ते सुटतात. विजेच्या भट्टीत तापवायचे तर वीज लागते, आणि विजेचा कार्बन अहवालात दिसतो. चिखलग्यात चुलाणं होती आणि रस काढून उरलेली उसाची चिपाडं होती.

पहिल्या पावसाळ्यात निम्मा माल वाया गेला. कमी तापला तर सुटेना, जास्त तापला तर चुंबकांचा भुगा होई. कंपनीचे इंजिनिअर तापमापक घेऊन आले, ते धुरात काळे पडले. भूपाल दोन दिवस नुसता बघत बसला. तिसऱ्या दिवशी त्याने रोटर साखळीने चुलाणात सोडण्याआधी त्याला एक खिळा चिकटवला. आगीत ओढ मेली त्या क्षणी खिळा गळून निखाऱ्यात पडला. भूपाल म्हणाला, "उतरवा."

इतकं सोपं होतं ते. आठ वर्षं चौदाही गुऱ्हाळांवर तेच चाललं. गडी रोटर तापवायचे आणि बायका चुलाणातली राख काढून चाळायच्या, कारण तापताना चुंबकांच्या कडा उडून राखेत पडत. सुमती चाळणीवर बसायची. "मी चाळायला बसतो, तुम्ही खिळ्याकडं बघा," असं म्हणायची. कंपनी वर्षाला एक मास्क द्यायची. चुलाणाच्या धगीत तो तोंडाला चिकटायचा. सुमती तो गळ्यात अडकवून ठेवायची आणि पदर नाकाला लावायची. संध्याकाळी तिच्या भुवया राखाडी झालेल्या असत.

सहाव्या वर्षी खोकला लागला. सातव्या वर्षी ती चार पावलं चालून थांबायला लागली. मोठ्या दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं: फुप्फुसं कडक झाली आहेत, कारण चुलीचा धूर. भूपालने डॉक्टरला विचारलं, "आमच्या घरी पंधरा वर्षं गॅस हाय. कुठली चूल?" डॉक्टर म्हणाले, "गावाकडं असतातच की चुली."

"अहवाल दाखव मला," भूपाल आता प्रणोतीला म्हणाला.

"आप्पा, तो दीडशे पानांचा आहे."

"आपलं पान दाखव."

तिने फोनवर एक चित्र काढलं. एक मोठा चौकोन होता, त्याची रेघ तुटक होती. आत कारखाना, पाण्याच्या टाक्या, गाळण्या. बाहेरून एक बाण आत शिरत होता आणि बाणावर लिहिलं होतं, 'तापवलेले रोटर'.

"गुऱ्हाळ कुठं हाय?"

"ते रेघेच्या बाहेर येतं. प्रत्येक अहवालाला एक सीमा आखावी लागते, आप्पा. नाहीतर हिशेब संपणारच नाही. आपली सीमा कारखान्याच्या फाटकापासून सुरू होते. गुऱ्हाळाची तळटीप दिलीय. हे बघा."

तळटीप दोन ओळींची होती. इंधन उसाची चिपाडं, ऊस पुन्हा वाढतो, म्हणून कार्बन शून्य. राख शेतात जाते, म्हणून खत.

भूपालने दोन्ही ओळी दोनदा वाचल्या. गुऱ्हाळाची राख शेताला घालायची, ही त्याच्या आज्यापासूनची रीत. चिपाडाची राख म्हणजे उसाला उत्तम खत. पावसाळ्यात रोटर तापवून उरलेली राखही गावाने त्याच सवयीने शेतात नेली. राखेत काय मिसळलंय हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याच्याही आलं नव्हतं. पहिली गाडी त्यानेच नेली होती.

"आणि हे काय?" त्याने बोट ठेवलं. चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: हाताळणीत हरवलेले, ०.४ टक्के.

"कुठल्या रोटरमध्ये किती चुंबक असतात हे ठरलेलं असतं. त्यातले कारखान्यात किती आले ते वजन करून कळतं. तेवढे कमी भरतात. एक टक्क्याच्या आत चालतं."

"आठ वर्षांत माल किती गेला गावातनं?"

"सहाशे टन चुंबक, साधारण."

भूपालने मनात हिशेब केला. तो गुळाच्याच मापात करायचा. तीस किलोचा एक रवा. "चोवीसशे किलो. ऐंशी रवे झाले. गुळाचे ऐंशी रवे हरवले तर गाव पेटून उठलं असतं. हे कुठं गेले?"

"आप्पा, कुठल्याही कामात थोडं हरवतंच."

"हरवलं म्हणजे कुठं गेलं, हे विचारतोय मी. वस्तू कुठंतरी असतेच."

"तुम्ही माझ्यावर का चिडताय? मी एकही आकडा खोटा लिहिलेला नाही."

"आकडा खोटा हाय असं कुठं म्हटलं मी? तुझी आई ह्या चित्रात कुठं हाय, ते दाखव."

"चित्रात माणसं दाखवत नाहीत."

"मानपत्र द्यायला माणूस लागतो," भूपाल म्हणाला. "धूळ मोजायला लागत न्हाई."

प्रणोती उठली. पायरीवर तिने चपला घातल्या आणि पाठमोरीच म्हणाली, "दाखला नाही मिळाला तर पहिली मी जाते. मग गावाचं काम जातं. एवढं लक्षात ठेवा, आणि मग काय बोलायचं ते बोला."

ती गेल्यावर भूपाल माजघरात गेला. फळीवर चक्रधातूच्या पट्ट्यांचा डबा होता. असा डबा गावात घरोघर होता.

कारखान्यात पुढचं काम एक जिवाणू करायचा. झाडांच्या पानांवर राहणारा हा जिवाणू, उसाच्या पानावरही असतो. त्याच्या अंगात एक प्रथिन तयार होतं, आणि ते लोखंड, तांबं, चुना सगळं सोडून फक्त निओडिमियमच्या जातीचे धातू पकडतं. कंपनीने ते प्रथिन मण्यांवर बसवलं होतं. चुंबक विरघळवलेलं पाणी त्या मण्यांवरून सोडलं की धातू तेवढा मण्यांवर राहतो. तेच प्रथिन कागदाच्या पट्टीवर लावून कंपनीने गावोगावच्या भंगारवाल्यांना वाटलं होतं, चांगला चुंबक ओळखायला. वस्तूवरचा कीस काढायचा, लिंबाच्या रसात घालायचा, दहा मिनिटांनी पट्टी बुडवायची. जांभळी झाली तर माल कंपनीचा. पांढरी राहिली तर फेकून द्या.

भूपालने परसातली चार लिंबं तोडली.

चुलाणातली राख. राखेला लिंबू जास्त लागतं, फसफसून फेस येतो. पट्टी जांभळी झाली, वांग्यासारखी. वरच्या शेतातल्या उसाच्या सरीतली माती, जांभळी. बैलगाडीच्या साटीतली धूळ, जांभळी. विहिरीच्या पाण्याने पट्टी फिकी झाली, पण पांढरी राहिली नाही. शेवटी त्याने ह्याच हंगामातल्या गुळाचा खडा फोडला, स्वतः उतरवलेल्या काहिलीतला. दहा मिनिटं तो घड्याळाकडे बघत बसला. पट्टीच्या टोकाला जांभळी कड आली.

पाक बघताना एका थेंबावर तो कधी विश्वास ठेवायचा नाही, तीनदा बघायचा. म्हणून त्या दुपारी तो एसटीने राधानगरीकडच्या मेहुण्याच्या गावी गेला. तिथल्या गुऱ्हाळात रोटर कधी आला नव्हता. तिथली राख, तिथली माती आणि तिथला गूळ त्याने घेतला, आणि तिथेच ओट्यावर बसून तीन वाट्यांत लिंबू पिळलं. तिन्ही पट्ट्या पांढऱ्या राहिल्या. मेहुण्याने विचारलं, "दाजी, काय चाललंय हे?"

"ऐंशी रवे शोधतोय," भूपाल म्हणाला.

सोमवारी सकाळी रत्नाबाई आली. ती सुमतीच्या शेजारी बसून राख चाळायची, आणि आता सुमतीची चाळण तिच्याकडे होती.

"भाऊजी, उद्या तुम्ही काय बोलणार हाय म्हणं."

"कुणी सांगितलं?"

"देशमाने साहेबाचा फोन आलता सगळ्या बायकांना. तुमच्या लेकीकडनं कळलं म्हणं त्याला. काम ऱ्हावं असं वाटत असलं तर भाऊजींस्नी समजवा म्हणाला." ती उंबऱ्यापाशी टेकली. "वैनी गेल्या त्याचं मला दुःख न्हाई का? आठ वर्षं मांडीला मांडी लावून बसलो आम्ही. पर ह्या कामावर माझं घर चाललंय. तुमचं भागतंय, लेक नोकरीला हाय."

बोलता बोलता तिला ठसका लागला. तिने पदर तोंडावर दाबला आणि खांद्यांनी खोकत राहिली.

"कवापास्नं हाय हे?"

"धूळ हाय. पाऊस पडला की जाईल."

"सुमतीबी हेच म्हणायची."

"मग काय करू?" रत्नाबाईने वर बघितलं. तिच्या डोळ्यांत राग होता. "चाळण दिली कुणी माझ्या हातात? खिळा कुणी चिकटवला पहिला? मी चिकटवला? आता तुम्हाला कळलं, आन् आता आमी उपाशी बसायचं. जातो मी."

तिचं बोलणं बरोबर होतं. त्याला राग देशमान्याचा होता, डॉक्टरचा होता, त्या तुटक रेघेचा होता. पण सगळ्यांत जास्त राग त्या बोटांचा होता, ज्यांनी पहिला खिळा उचलला. हाताळणीत हरवलेले. त्याच हातांनी.

मंगळवारी दहा वाजता दोन गाड्या आल्या. पडताळणीच्या मॅडम पन्नाशीच्या होत्या, ऋजुता लेले. पायांत बूट, हातात वही. देशमाने पुढे होऊन दारं उघडत होता. प्रणोती सगळ्यांच्या मागे होती, तिने भूपालकडे बघितलं नाही. गुऱ्हाळाच्या मांडवात बायका भिंतीला लागून उभ्या होत्या, रत्नाबाई टोकाला.

चुलाण पेटलं होतं. भूपालने रोटर उचलला, त्याला खिळा चिकटवला आणि साखळी खाली सोडली. राळेचा कडू धूर वर आला. काही वेळाने खिळा सुटला आणि निखाऱ्यात पडला.

"वा," लेले मॅडम म्हणाल्या. "थर्मामीटरशिवाय."

"हेच आमचं बळ आहे, मॅडम," देशमाने म्हणाला. "गावाचं ज्ञान आणि आमचं विज्ञान. आप्पा, मानपत्र कुठंय?"

"आणतो," भूपाल म्हणाला. त्याने मांडवातल्या बाकावरचं फडकं ओढलं. खाली काचेच्या वाट्यांची रांग होती, प्रत्येकीत एक पट्टी आणि प्रत्येकीपुढे चिठ्ठी. चुलाण. शेत. विहीर. गूळ. पाचव्या वाटीपासून पुढे राधानगरीकडच्या तीन, पांढऱ्या.

लेले मॅडम वाकून बघायला लागल्या. एकेक चिठ्ठी त्यांनी वाचली. गुळापाशी थांबल्या.

"मातीत हे धातू मुळातच असतात, मॅडम," देशमाने पटकन म्हणाला. "जगात सगळीकडे असतात."

"असतात," भूपाल म्हणाला. "ह्या तीन वाट्यांतबी असतील. तुमच्या पट्टीला दिसण्याएवढे न्हाईत. तुमचीच पट्टी हाय, साहेब. डबा तुम्हीच दिला."

लेले मॅडमनी वही मिटली. त्या हळू बोलल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मगदूम, तुम्ही जे दाखवलंत ते गंभीर आहे. पण मला अहवालात जे आहे तेच पडताळता येतं. हे गुऱ्हाळ अहवालाच्या सीमेबाहेर आहे. हरवलेला माल एक टक्क्याच्या आत आहे. नियमाने त्यात चूक नाही."

"बघा," देशमाने म्हणाला. "आणि आप्पा, राखेत असेल, मातीत असेल. माणसाच्या अंगात गेलं असं कुठं आहे? वहिनींच्या कागदावर डॉक्टरांनी काय लिहिलंय ते आपल्याला माहीत आहे. आम्हाला सगळ्यांना वाईट वाटलं. पण ते आणि हे एक करू नका."

भूपाल मांडवातून घरात गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात मानपत्र नव्हतं. स्टीलची एक छोटी डबी होती.

चिखलग्यात रक्षा आता कुणी नदीत सोडत नाही. शेतात खड्डा काढून त्यात पुरतात आणि वर झाड लावतात. सुमतीच्या रक्षेवर वरच्या शेतात फणस लावला होता. भूपालने तिच्यातली चिमूटभर मागे ठेवली होती. का ठेवली, त्याला सांगता आलं नसतं.

प्रणोतीने डबी ओळखली. "आप्पा, नको."

"ऐंशी रव्यांतला थोडा माल इथं असंल," तो म्हणाला. "न्हाईतर नसंल. मलाबी माहीत न्हाई. मी अजून बघितलं न्हाई."

त्याने वाटी पुढे ओढली, सुरी लिंबावर टेकवली, पण ती खाली दाबली नाही. मग प्रणोती पुढे आली. तिने त्याच्या हातातून सुरी घेतली, लिंबू कापलं, डबीतली राख वाटीत ओतली आणि पिळलं. फेस आला. तिने आणखी एक पिळलं, फेस बसेपर्यंत थांबली. हाताला लागलेली राख तिने पुसली नाही.

दहा मिनिटं. चुलाणातली चिपाडं तडतडत होती. देशमान्याने दोनदा घड्याळ बघितलं आणि एकदा गाडीच्या ड्रायव्हरला उगाच हाक मारली. रत्नाबाई भिंत सोडून बाकापाशी येऊन उभी राहिली होती. तिला खोकला आला तो तिने दाबून धरला.

प्रणोतीने पट्टी बुडवली आणि वर काढली.

ती जांभळी होती. चुलाणाच्या राखेइतकी गडद नव्हती, पण गुळापेक्षा गडद होती.

देशमाने म्हणाला, "हे शास्त्र नव्हे, मॅडम. इकडे चितेला शेणी वापरतात. शेणीतून आलं असेल."

"शेणीतनं आलं म्हणजे गुरांच्या पोटातनं आलं," भूपाल म्हणाला. "गुरांच्या पोटात चाऱ्यातनं गेलं. चारा माझ्या शेतातला. मग तेबी लिहा. गुरंबी लिहा. किती रेघेच्या बाहेर काढणार तुम्ही?"

"प्रणोती, जरा इकडे ये," देशमाने म्हणाला.

ती गेली नाही. ती लेले मॅडमना म्हणाली, "तुम्ही अहवालात आहे तेच पडताळता. अहवाल मी लिहिलाय. माझ्या सहीचा आहे. मी तो बदलला तर?"

"तर मला नवा पडताळावा लागेल. जुना बाद होईल."

"त्यात एक चूक आहे. हाताळणीत हरवलेले, शून्य पूर्णांक चार टक्के." तिने पट्टी बाकावर ठेवली, चिठ्ठीशिवाय. "ते हरवलेले नाहीत. कुठे आहेत ते आम्हाला माहीत आहे. सीमा ह्या चुलाणापासून सुरू होईल."

"तुझ्या वडलांच्या भावनेच्या भरात तू—"

"सर, आई माझी होती," प्रणोती म्हणाली. "आणि तळटीपही माझीच होती. खत असं मी लिहिलं होतं."

त्या दिवशी चक्रधातूला दाखला मिळाला नाही. आठवड्याने प्रणोतीची नोकरी गेली. पंधरवड्याने कंपनीने चिखलग्याचं काम बंद केलं आणि पत्रात लिहिलं की स्थानिक विरोधामुळे हे करावं लागत आहे. चौदा चुलाणांवरच्या बायका घरी बसल्या. रस्त्यात भूपाल दिसला की काही जणी तोंड फिरवायच्या. एकीने त्याच्या पायरीवर तुटकी चाळण आणून टाकली. त्याने ती तिथेच राहू दिली.

ज्येष्ठ संपता संपता रत्नाबाई आली. ती उंबऱ्यावर बसली नाही, उभीच राहिली. तिने पदराखालून एक लिंबू काढलं आणि एक मळकट टॉवेल.

"बघा ह्यात," ती म्हणाली. "रोज खोकून ह्यातच थुंकतो मी. बघा आन् खरं सांगा."

भूपालने बघितलं आणि खरं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "कागदावर लिहून द्या. चुलीचा धूर न्हाई असं लिहा." प्रणोतीने लिहून दिलं, तारीख घातली आणि पट्टी कागदाला टाचली. पुढच्या महिन्याभरात असे एकतीस कागद झाले.

आषाढात कळलं की नदीपलीकडच्या गावात गुऱ्हाळातून काळा धूर येतोय. पावसाळ्यात गुऱ्हाळ चालत नाही, हे लहान पोरालाही कळतं. प्रणोतीने स्कूटर काढली, भूपाल मागे बसला, मांडीवर डबा आणि पिशवीत लिंबं. पूल ओलांडला की अर्ध्या तासाची वाट.

मांडव नवा होता. पत्रे नवे, साखळी नवी. चुलाणाशी एक तरणा गडी उभा होता, आणि बाजूला पोत्यावर बसून एक बाई राख चाळत होती. तिशीची असेल. मास्क गळ्यात होता, पदर नाकावर. भुवया राखाडी.

गड्याने रोटर उचलला, खिशातून खिळा काढून त्याला चिकटवला आणि पाहुण्यांकडे बघून हसला. "थांबा, गंमत बघा. हा खिळा पडला की माल तयार. मशीन नको, काय नको. पलीकडच्या कुठल्यातरी गुळव्यानं शोधलंय म्हणं. डोकं असणार माणसाला."

"कोण हो तुम्ही?" बाईने चाळण न थांबवता विचारलं. "कंपनीचे?"

भूपाल तिच्यासमोर ओल्या जमिनीवर उकिडवा बसला. चाळणीची कड त्याने दोन्ही हातांनी धरली, आणि ती थांबली.

"मीच तो गुळव्या," तो म्हणाला. "चाळण खाली ठेव, बाई."